टीचरांनी लिहिलेलं एकच पत्र

एलिकुट्टी टीचरांनी अठरा वर्षांत साडेसहाशेच्या वर अहवाल लिहिले आणि पत्र एकच लिहिलं. अहवाल काय आणि पत्र काय, टाइप सगळं मीच केलं. म्हणून या गोष्टीतला माझा वाटा मी नाकारत नाही. टीचरांनी तर त्यांचा कधीच नाकारला नाही.

मी ओमना. चंगनाशेरीच्या बाजारामागच्या गल्लीत टीचरांचं घर आहे. पुढच्या खोलीत एक टेबल आणि दोन खुर्च्या. खिडकी मुद्दाम पाठीमागे, म्हणजे येणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर जायला नको. माझा कॉम्प्युटर जेवणाच्या खोलीत. मधे एक पडदा. त्या पडद्याआड मला काही ऐकू येत नाही अशी टीचरांची समजूत होती आणि ती मी मोडली नाही.

डिस्लेक्सियाची तपासणी करून घ्यायला लोक कोट्टयमपासून आलप्पुळापर्यंतचे यायचे. बहुतेक दहावीची मुलं. परीक्षेत जादा वेळ मिळावा, लेखनिक मिळावा, म्हणून टीचरांचा अहवाल लागायचा. अधूनमधून मोठी माणसंही यायची, ती मात्र रस्त्यात दोन्ही बाजूंना बघून, दारूच्या दुकानात शिरावं तशी.

टीचर आधी साधे शब्द वाचायला द्यायच्या, मल्याळममधले आणि इंग्रजीतले. मग अर्थच नसलेले, नुसते बनवलेले शब्द. खरा शब्द माणूस पहिलं अक्षर आणि शेपूट बघून अंदाजाने मारून नेतो. बनवलेल्या शब्दापाशी अंदाजाचं काही चालत नाही. हातात स्टॉपवॉच, चेहरा कोरा. चुकलं तरी भुवई हलायची नाही, बरोबर आलं तरी शाबास नाही, नुसतं "पुढे".

"टीचर, तुमच्यापुढे बसण्यापेक्षा पोलिसांपुढे बसलेलं परवडलं," असं मी एकदा म्हणाले.

"पोलिसांनी तुला शाबास म्हटलं होतं वाटतं?" टीचर म्हणाल्या.

अशा होत्या. पण मूल गेल्यावर आतल्या खोलीत जाऊन डोळे पुसताना मी त्यांना कितीदा पाहिलंय. त्यांचा धाकटा भाऊ, चाक्कोच्चन, वयाच्या चौदाव्या वर्षी घरातून निघून गेला. शाळेत सगळे त्याला मठ्ठ म्हणायचे, आणि सगळ्यांत जास्त टीचरच म्हणायच्या, कारण त्या वर्गात पहिल्या. त्याचं कधी पत्र आलं नाही. येणार कुठून? त्याला लिहिताच येत नव्हतं. पंचेचाळिसाव्या वर्षी टीचर कसल्याशा शिबिराला मद्रासला गेल्या, तिथे डिस्लेक्सिया हा शब्द पहिल्यांदा ऐकला आणि परतीच्या गाडीत कोट्टयमपर्यंत रडत आल्या. हे त्यांनीच मला सांगितलं.

त्यांचा एक नियम होता. अहवाल ज्याचा त्याच्या हातात द्यायचा. नवऱ्याला नाही, बायकोला नाही, साहेबाला नाही, पाद्रींना तर नाहीच. "हा कागद तुझा," असं म्हणून त्या तो द्यायच्या. हा नियम त्यांनी मोडला तो रीजासाठी. म्हणजे रीजाच्या विरुद्ध.

रीजा पहिल्यांदा आली ती मुलीला घेऊन. मुलगी आन् ट्रीसा, दहावीतली, उंच, खांदे पाडून चालणारी. रीजा गावाबाहेरच्या मिशनच्या रुग्णालयात नर्स होती, पुरुषांच्या वॉर्डात चौदा वर्षं. मी तिच्या पुढ्यात नाव-पत्त्याचा फॉर्म ठेवला. तिने तो न बघताच मुलीकडे सरकवला.

"मोळे, बाळा, तू भर. माझं अक्षर म्हणजे डॉक्टरांचं अक्षर."

मी हसले. टीचर हसल्या नाहीत. मुलगी वाचायला अडखळते म्हणून इथे आणली आणि फॉर्म मात्र तिच्याकडूनच भरून घेते ही बाई, हे त्यांनी टिपलं होतं. आन् ट्रीसाची तपासणी झाली, अहवाल दिला, आणि दारापर्यंत जाता जाता टीचर सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "रीजा, हे असं पोरं कुठून ना कुठून घेऊनच येतात. तुला कधी तपासून बघावंसं वाटलं तर ये."

रीजा मुलीला घेऊन निघून गेली. तीन महिन्यांनी, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाच्या पहिल्या आठवड्यात, एकटी आली. तिला आयर्लंडला जायचं होतं. नर्सांना द्यावी लागते ती इंग्रजीची परीक्षा तिने तीनदा दिली होती आणि तिन्ही वेळा वाचनात आपटली होती. अहवाल असला तर तिथे जादा वेळ मिळतो, हे तिच्या मैत्रिणीने सांगितलं होतं.

त्या सकाळी मी सगळं पडद्याआडून ऐकलं. अडतीस वर्षांची बाई, वॉर्डात जिच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही, ती एकेक शब्द चाचपत होती. बनवलेल्या शब्दांपाशी तिचा आवाज बारीक होत गेला. टीचरांचं आपलं "पुढे". परत "पुढे". मग रीजा रडायला लागली.

"नर्सिंग कशी पास झालीस गं?" टीचरांनी विचारलं.

"पाठ करून. खोलीतली मैत्रीण मोठ्याने वाचायची, मी ऐकायची. ऐकलेलं मी विसरत नाही, टीचर. एकदा ऐकलं की झालं."

"आणि वॉर्डात? औषधं कशी ओळखतेस?"

"रंगावरून. झाकणावरून. ट्रेमध्ये कुठे काय ठेवायचं ते माझं ठरलेलं असतं. आणि वाचून घेते."

"कोणाकडून?"

"पेशंटच्या सोबतीला असतं ना माणूस, त्याच्याकडून."

आमच्याकडे रुग्णालयात पेशंट एकटा नसतोच. बायको, बहीण, मेहुणा, कोणीतरी खाटेखाली चटई टाकून असतंच. चहा तेच आणतं, चिठ्ठी घेऊन खालच्या दुकानातून औषधं तेच आणतं, आणि ती पिशवी उशाशी सांभाळतंही तेच.

"इस्पितळात कळेल का हे?" रीजाने विचारलं. "टीचर, मेट्रनना कळलं तर मला झाडू मारायलाही ठेवणार नाहीत. नवरा दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलाय. मी काम केलं नाही तर घर कशावर चालायचं?"

"हा कागद तुझा," टीचर म्हणाल्या.

अहवाल मी टाइप केला. त्यात एक ओळ होती : इतरांकडून वाचून घेऊन ही व्यक्ती आपली अडचण लपवते. अशी ओळ टीचरांच्या पुष्कळ अहवालांत असायची. दहावीची मुलं शेजाऱ्याकडून वाचून घेतात, दुकानदार गिऱ्हाइकाकडून वाचून घेतो. मी ती ओळ डोळे मिटून टाइप करू शकले असते, आणि केलीही तशीच.

त्या दिवसापासून टीचरांचं जेवण सुटलं. उपासाचे दिवस, त्यामुळे मासळी-मटण नव्हतंच, पण कप्पा, म्हणजे आमचा टॅपिओकाचा कंद, उकडून समोर ठेवला तर तोही तसाच राहायचा. दुपारी खुर्चीत बसून त्या स्वतःशीच बोलायच्या. मध्येच मला हाक मारायच्या.

"ओमना, पुरुषांच्या वॉर्डात खाटा किती असतील गं?"

"मला काय माहीत? तीसेक असतील."

"तीस. दिवसाला एकेकाला चार इंजेक्शनं धर."

"धरू कशाला? टीचर, चौदा वर्षं झाली तिला."

"म्हणूनच. चूक व्हायचा दिवस चौदा वर्षं वाट बघतोय."

पुढे पुढे तर मलाही रस्त्यात रुग्णवाहिकेचा आवाज आला की आधी रीजा आठवायची. चर्चमध्ये कोणाच्या मरणाची बातमी वाचून दाखवली की टीचर माझ्याकडे बघायच्या. मग कुठे वारला, कशाने वारला, याची चौकशी. पंच्याण्णव वर्षांचा म्हातारा घरी झोपेत गेला तरी यांचा जीव टांगणीला.

शेवटी त्या स्वतः बघायला गेल्या. ओळखीतला कोणीतरी अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन पडला होता, त्याचं निमित्त. संत्री घेऊन गेल्या आणि दोन तासांनी रिक्षातून उतरल्या तेव्हा चेहरा पांढराफटक. चपला न काढताच आत आल्या. अठरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"बघितलं मी," त्या म्हणाल्या. "पिशवीतनं कुपी काढली आणि त्या पेशंटच्या म्हाताऱ्या बायकोपुढे धरली. म्हणाली, अम्मच्ची, वाचा बघू काय लिहिलंय. ती म्हातारी चष्मा लावून एकेक अक्षर वाचतेय आणि ही मान हलवतेय. ओमना, सुईत काय भरायचं ते तिला एक म्हातारी सांगते. आणि त्या बाईला दिसलंच नाही नीट तर?"

"मग काय करणार?"

"पत्र लिहिणार."

मी म्हणाले, "टीचर, तुम्ही तिला शब्द दिलाय."

"आणि उद्या कोणी मेलं तर? त्याला कोणी शब्द दिला नव्हता का?"

खरं सांगायचं तर मला वाद घालायचाच नव्हता. मीही घाबरले होते. माझा मोठा भाऊ त्याच रुग्णालयात मूत्रपिंडासाठी जातो. त्याच्या दंडात कोण काय टोचतं, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. मी कॉम्प्युटर सुरू केला. मेट्रनच्या नावे अर्ध्या पानाचं पत्र. माणसाच्या जिवाला धोका आहे, सबब औषधं देण्याच्या कामावरून हलवावं, नोकरी मात्र ठेवावी, ही विनंती. ही शेवटची विनंती लिहून टीचरांना वाटलं की आपण न्यायाने वागलो. मलाही वाटलं.

नोकरी ठेवली. रीजाला चादरींच्या खोलीत बसवलं. धोब्याकडून आलेल्या चादरी मोजायच्या, घड्या घालायच्या, फाटलेल्या बाजूला काढायच्या. चार दिवसांत साऱ्या रुग्णालयाला कारण कळलं. झाडलोटीला येणाऱ्या पोरीसुद्धा कपड्यांच्या गाठोड्यावरची चिठ्ठी तिच्यापुढे नाचवून म्हणायच्या, "रीजाचेची, अहो ताई, यावर काय लिहिलंय सांगा ना."

पंधरा दिवसांनी ती आमच्याकडे आली. ती आरडाओरडा करेल अशी माझी तयारी होती, तसं काही झालं नाही. खुर्चीत बसली, त्याच खुर्चीत.

"आन् ट्रीसाने कागद फाडला," ती म्हणाली. "जादा वेळ नको म्हणते. नापास होईन पण हा कागद कोणाला दाखवणार नाही म्हणते."

"रीजा, मी..."

"तुमच्यापुढे मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने चुकत वाचलं, टीचर. आईपुढेसुद्धा नाही वाचलं कधी. एवढंच सांगायला आले होते." मग उठता उठता थांबली. "चौदा वर्षांत माझ्या हातून एकही चूक झालेली नाही. हे तुम्ही विचारलंत का कोणाला?"

टीचरांनी विचारलं नव्हतं. त्यांनी खाली मान घातली.

"आणि आणखी एक. या महिन्यात नवी कंपनी आलीय. पोटॅशियमची कुपी आणि औषध कालवायच्या नुसत्या पाण्याची कुपी, दोन्ही सारख्याच प्लास्टिकच्या, तेवढ्याच उंचीच्या. आधी पोटॅशियमवर लाल पट्टी असायची, आता नाही. मी मेट्रनना जाऊन सांगितलं. पोटॅशियम सलाईनमधून थेंबथेंब जायला हवं, एकदम टोचलं तर माणूस जागच्या जागी जातो. मेट्रन काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, तुला सगळं सारखंच दिसणार."

पडद्याआड मी ऐकत होते. ही गोष्ट कोणाच्या तरी कानावर घालावी, असं माझ्या मनात आलंही. पण घालायची कोणाच्या? आणि सांगणार कोण, चादरींच्या खोलीतली रीजा? टीचर ती गेल्यावर एवढंच म्हणाल्या, "निदान आता तिथे वाचता येणारं माणूस आहे." त्या दुपारी त्या दोन घास जास्त जेवल्या.

ईस्टर होऊन गेलं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बातमी आली की वर्कीचेट्टन गेले. वर्कीचेट्टन आमच्या गल्लीत सायकलवर लॉटरीची तिकिटं विकायचे. "टीचर, आज लागणार, सोडू नका," असं रोज ओरडायचे आणि टीचर रोज "चालते व्हा" म्हणून एक तिकीट घ्यायच्या. उलट्या-जुलाबांनी गळून गेले म्हणून मिशनच्या रुग्णालयात ठेवलं होतं. दोन दिवसांत घरी सोडणार होते. सकाळी उठून बसून कॉफी प्यायले आणि अकराच्या सुमाराला एकाएकी गेले. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

टीचरांनी माझ्याकडे बघितलं. "रीजा तिथे नाही," मी घाईघाईने म्हणाले. "तिचा काही संबंध नाही." त्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर थोडीशी सुटका मला दिसली, आणि ती बघून मला त्यांचा राग आला. स्वतःचाही आला, कारण तीच सुटका मलाही वाटली होती.

आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. अंगणात ताडपत्री टाकली होती, बायका प्रार्थना म्हणत होत्या. वर्कीचेट्टनची बायको त्रेस्याम्मा शवपेटीशेजारी बसली होती. रडून झालं होतं तिचं. टीचरांना बघून तिने हात धरून शेजारी बसवलं आणि आल्यागेल्याला सांगत होती तेच परत सांगायला लागली.

"कुपी मीच आणली हो खालून. पिशवीत चारपाच होत्या. आधी एक सिस्टर होती ना तिथे, गेल्या वर्षी यांच्या पायाला जखम झाली तेव्हा. ती प्रत्येक वेळी मला वाचायला लावायची. मला वाटायचं, काय ही खोड. मी वाचलं की परत स्वतः म्हणायची, मग चिठ्ठीवरचं मला वाचायला लावायची, दोन्ही जुळलं की मगच टोचायची. एकदा दुकानवाल्याने भलतंच दिलं होतं, ते तिनेच परत पाठवलं. मला तिची सवय झाली होती. म्हणून या खेपेला मी चष्मा लावूनच बसले होते."

टीचरांचा हात तिच्या हातात होता. तो काढून घ्यायचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

"ही नवी पोर आली. चांगली होती, हसरी. तिने पिशवीत हात घालून कुपी काढली. मी म्हटलं, थांब मोळे, मी वाचते. तर हसली. म्हणाली, मला वाचता येतं, अम्मच्ची."

प्रार्थना म्हणणाऱ्या बायकांचा आवाज चालूच होता. त्रेस्याम्माने पदराने नाक पुसलं.

"मी म्हटलं, एवढी शिकलेली पोर, आपण कशाला मधे बोलायचं. टोचता टोचताच यांनी माझ्याकडे बघितलं आणि..." ती थांबली. मग टीचरांकडे वळून तिने विचारलं, "ती आधीची सिस्टर कुठे गेली हो? तुम्हाला माहितीये?"

मला वाटलं टीचर गप्प बसतील. मी त्यांच्या जागी असते तर गप्प बसले असते.

"चादरींच्या खोलीत आहे," टीचर म्हणाल्या. "मी पत्र लिहून हलवायला लावलं तिला."

"तुम्ही? का?"

शब्द एकेक करून, अडखळत बाहेर आले.

"तिला नीट वाचता येत नाही, म्हणून."